शुक्रवारची एकादशी आणि ढगाआडचं विमान

यंदा चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झाली, मामीने नेवऱ्यांची (म्हणजे करंज्यांची) पहिली थाळी पुढे केली आणि आम्ही सोप्यावर टेकलो, तेवढ्यात वरून बारीक गुरगुर ऐकू आली. गोव्यात, आमच्या पेडण्यात भाद्रपदातलं आभाळ म्हणजे ओली गोधडी, दिसायचं काहीच नाही. मी फोनवरचं विमानांचं अ‍ॅप बघून म्हटलं, "एअरबस ए-३२१. पस्तीस हजार फुटांवर, कोचीच्या वाटेला." मामा हसले. "सॅटेलाइट रे! वरनं सगळं बघतात ते."

हे 'सॅटेलाइट रे' मी शिकल्यासवरल्या माणसांकडूनही इतक्या वेळा ऐकलंय की आता लिहायलाच बसलो.

विमानाला वरून कोणी बघत नसतं, विमान स्वतःच ओरडत असतं. जीपीएसचे उपग्रह फक्त वेळेचे आणि स्वतःच्या जागेचे संकेत पाठवतात. त्यावरून आपण कुठे आहोत हे विमान काढतं आणि १०९० मेगाहर्ट्झवर सेकंदाला साधारण दोनदा जाहीर करतं. या पद्धतीला एडीएस-बी म्हणतात. निरोपाला कुलूप नसतं. ज्याच्याकडे कान आहे त्याने ऐकावं. अलीकडे काही उपग्रहही हे निरोप टिपतात, पण तेही ऐकतातच. आणि विमान 'मी कोचीला चाललो' असं सांगत नाही. ते फक्त उड्डाणाचं नाव सांगतं, वाट कुठली ते अ‍ॅप आपल्या यादीतून जोडतं.

माझा कान म्हणजे टीव्ही बघण्यासाठी विकली जाणारी यूएसबीची डबी. अशा डब्यांतली एक चिप रेडिओचे कच्चे नमुने थेट संगणकाला देऊ शकते, हे २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींमध्ये पसरलं आणि या छंदाचं रूपच पालटलं. अँटेना घरची. १०९० मेगाहर्ट्झची तरंगलांबी साडेसत्तावीस सेंटिमीटर, तिचा चौथा हिस्सा जेमतेम सात, म्हणजे तांब्याच्या तारेचा बोटाएवढा तुकडा. तो कौलांवर उभा केला. ढग या लहरींना अडवत नाहीत. डोंगर अडवतात आणि पृथ्वीचा बाक अडवतो. अकरा किलोमीटर उंचीवरचं विमान मोकळ्या दिशेला सुमारे ४३० किलोमीटरपर्यंत ऐकू येऊ शकतं. आमच्याकडे पश्चिमेला नुसता समुद्र, पूर्वेला सह्याद्री आडवा, त्यामुळे माझा नकाशा अर्ध्या भाकरीसारखा दिसतो.

आता ज्यासाठी हा लेख लिहितोय ते. एक निरोप ११२ बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक अशा ११२ खुणांचा. सुरुवातीची खूण धरून १२० मायक्रोसेकंदांत संपतो. त्यातले पहिले ८ बिट निरोपाचा प्रकार वगैरे सांगायला, २४ बिट विमानाच्या ओळख-क्रमांकाला जातात आणि २४ बिट चूक पकडायला. मजकुराला उरतात ५६. उंची वगैरे वजा केली की अक्षांशाच्या वाट्याला १७ बिट आणि रेखांशाच्या वाट्यालाही तेवढेच.

सतरा बिटांत १,३१,०७२ खुणा बसतात. पृथ्वीचा चाळीस हजार किलोमीटरचा घेर तेवढ्या खुणांत वाटला तर एक खूण तीनशे मीटरची होते. विमानांच्या कामाला ही मोजपट्टी फार जाडी. मग युक्ती अशी, की उत्तर-दक्षिण घेराचे सहा-सहा अंशांचे साठ पट्टे पाडायचे आणि विमानाने फक्त पट्ट्याच्या आतली जागा सांगायची. खूण पाच मीटरवर येते. पण आपण कितव्या पट्ट्यात आहोत, हे विमान सांगतच नाही! पणजीवरचं विमान म्हणतं, "पट्ट्याच्या ०.५८३३ भागावर आहे." सहा अंश उत्तरेला, नागपूरच्या थोडं वर असलेलं विमानही अक्षरशः हेच म्हणणार.

म्हणून पुढच्या निरोपात विमान तीच जागा दुसऱ्या मापाने सांगतं. या खेपेला घेराचे पट्टे ५९. साठवाला तो सम निरोप, एकोणसाठवाला तो विषम.

कोणी सांगितलं की "तो मला शुक्रवारी भेटला", तर कुठला शुक्रवार? म्हापशाचा शुक्रवारचा बाजार दर आठवड्याला भरतो. "एकादशी होती" म्हटलं, तरी ती महिन्यात दोनदा येते. पण "म्हापशाच्या बाजारात भेटला आणि त्याचा एकादशीचा उपास होता" म्हटलं, की कॅलेंडरची पानं उलटून मामी तारीख काढून देते. दोन वेगळ्या लांबीची चक्रं जिथे एकत्र येतात ती जागा क्वचितच मिळते. इथे तेच आहे, फक्त चक्रं जवळजवळ सारखी, शाळेतल्या व्हर्नियर कॅलिपरसारखी. विषुववृत्तावर दोन्ही पट्ट्यांच्या कडा जुळतात. तिथून उत्तरेला दर पट्ट्यामागे साधारण एक दशांश अंशाची सरक साचत जाते. सरक मोजा, पट्टा कळला.

करून बघू. पणजी साडेपंधरा अंशांवर. सहाने भागलं तर २.५८३३, म्हणजे सम निरोपात ०.५८३३ येणार. ५९ पट्ट्यांच्या मापात तीच जागा २.५४०३, म्हणजे विषम निरोपात ०.५४०३. आता ५९ गुणिले पहिला, वजा ६० गुणिले दुसरा: ३४.४१ वजा ३२.४२. उत्तर २, दशांशाची खरड सोडून. शून्यापासून मोजलं तर दुसरा पट्टा, बारा ते अठरा अंश. त्यात ०.५८३३ चे साडेतीन अंश मिळवा, पणजी आली! रेखांशाला हीच करामत, पण ध्रुवाकडे जाताना वर्तुळं लहान होतात म्हणून पट्टेही कमी होतात. गोव्याच्या अक्षांशावर सम निरोपाला ५७ आणि विषमाला ५६. दोन निरोपांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडलं तर ही जोडी धरत नाहीत, कारण तोवर विमान दोनेक किलोमीटर पुढे गेलेलं असतं.

इथपर्यंत येईतो मामांचा डोळा लागला होता. माझा नाइलाज आहे, मला यात देऊळ बांधणाऱ्या गवंड्याची हुशारी दिसते.

डबी नसली तरी डोळे पुरतात. मोपाच्या नव्या विमानतळावर २०२३ च्या जानेवारीपासून विमानं उतरू लागली, तेव्हापासून पेडण्यात ती खालून नीट दिसतात. बोइंग ७३७ चं शेपूट मुळाशी पायरी घेऊन चढतं आणि इंजिनाचं तोंड खालून चपटं असतं. एअरबस ए-३२० च्या शेपटाला ती पायरी नाही. एटीआर म्हणजे पंख पाठीवर आणि फिरते पंखे. फार उंचावरच्या विमानाला मात्र आवाजाच्या दिशेला शोधू नका. आवाज खाली यायला अर्धा मिनिट लागतो, तेवढ्यात ते सात-आठ किलोमीटर पुढे गेलेलं असतं.

पांढरी रेघ दिसली की 'वरून औषध फवारतात' हा संदेश आमच्या वाड्यावरच्या ग्रुपवरही येतोच. इंधन जळलं की पाण्याची वाफ होते, उणे चाळीसच्या आसपासच्या हवेत ती गोठते, त्याची ही रेघ. हवा कोरडी असेल तर लगेच विरते, दमट असेल तर रेंगाळते. टीव्हीवाल्यांचं 'विमान अ‍ॅपवरून गायब!' हेही त्याच पंगतीतलं. भर अरबी समुद्रात ऐकायला कोणाचा कान नसेल तर नकाशावरची रेघ तुटते, विमान आपल्या वाटेने चाललेलं असतं.

गोव्याच्या जुन्या विमानतळावर, दाबोळीला जाणार असाल तर कॅमेरा घरी ठेवा. तो नौदलाचा 'हंसा' तळ आहे. २०१० मध्ये दिल्लीत विमानतळाजवळच्या हॉटेलातून विमानं न्याहाळणाऱ्या दोन ब्रिटिश हौशींना अटक झाली होती. दाबोळीला दिसणारं नौदलाचं पी-८आय हे ७३७ चंच भावंड. पंखांची टोकं वर वळलेली नसून मागे तिरकी कापलेली दिसली, की समजायचं हे पाणबुड्या शोधणारं.

मामा जागे झाले ते एका कडकडाटाने. कौलं थरथरली, माटोळीतली सुपारी हलली. त्यांनी माझ्या हातातला फोन ओढून घेतला. पडद्यावर आमच्या आसपास काहीच नव्हतं.

"मग? हे कुठलं?"

"मिग असणार, नौदलाचं. ते ओरडत नाही."

"एवढा आवाज करून?" म्हणाले, आणि नेवरी उचलली.