लेप्टिस मॅग्नाची बॅसिलिका मुळात चर्च नव्हती
बॅसिलिका म्हणजे चर्च, हा समज इतका रुजला आहे की लिबियातील लेप्टिस मॅग्ना या रोमन नगराच्या मुख्य चौकाला लागून असलेली बॅसिलिकाही चर्च म्हणूनच बांधली गेली, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. याच गावात जन्मलेल्या सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसने सुरू केलेली आणि त्याचा मुलगा कॅराकॅलाने इ. स. २१६ मध्ये पूर्ण केलेली ही वास्तू न्यायदानाचे व सार्वजनिक व्यवहारांचे सभागृह होती. तिच्या संगमरवरी भित्तिस्तंभांवर वेलबुट्टीत गुंफलेले डायोनिसस आणि हर्क्युलिस, म्हणजे नगराची रक्षक दैवते, कोरलेली आहेत. चर्चसाठी असे शिल्प कोणी घडवले नसते. तिचे चर्च झाले ते सहाव्या शतकात, पूर्व रोमन सम्राट जस्टिनियनच्या काळात.