पानांचा पाक आला कुठून?

लिंबाची दोन कोवळी पानं चुरगाळून ताकात टाकायची, हे बेळगाव-खानापूरकडे कुणाला शिकवावं लागत नाही. तीच पानं साखरेच्या गरम पाकात मुरवून बाटली भरून ठेवा म्हटलं, की मात्र 'हे कुठलं नवीन खूळ?' असं ऐकावं लागतं. खूळ नवीन असेल, पण त्याचे दोन्ही तुकडे जुनेच आहेत.

पहिला तुकडा वैद्यांचा. चरकसंहितेत कषायांचे, म्हणजे वनस्पतींपासून औषध काढण्याच्या रीतींचे, पाच प्रकार येतात: स्वरस, कल्क, शृत, शीत आणि फांट. फांट म्हणजे वनस्पतीवर कढत पाणी ओतायचं, चुलीवर पुन्हा न चढवता मुरू द्यायचं आणि गाळायचं. पानांच्या पाकाची रीत हीच, फक्त पाण्याच्या जागी पाक. पानांचा वास उडून जाणाऱ्या तेलांत असतो. उकळी आली की तो वाफेबरोबर जातो आणि मागे कडवटपणा उरतो.

दुसरा तुकडा 'पानक'. मराठीत त्याचं पन्हं झालं, कन्नडात पानकच राहिलं. रामनवमीला गूळ, सुंठ, मिरी, वेलची घातलेलं ते पाणी इथे दोन्ही भाषांच्या घरांत ओळखीचं.

मग फांट आणि पानक एका भांड्यात का आले नाहीत? माझ्या मते गुळामुळे. गुळाला स्वतःचाच वास एवढा, की त्याच्यापुढे पानांचं काही चालत नाही. पानांच्या पाकाला पांढरी साखरच हवी. आणि उगार, संकेश्वरला साखर कारखाने असले, तरी एके काळी घरात साखर यायची ती बरीचशी रेशनकार्डावर, मोजून. तेव्हा पाक व्हायचा सणाला, चिरोट्यांपुरता. पाल्यावर पाव किलो साखर कोण घालवणार?

अपवाद रातांब्याचा. सालं आणि साखर यांचे थर बरणीत रचून उन्हात ठेवले, की साखरच रस ओढून घेते आणि अमृतकोकम तयार. थेंबभर पाणी लागत नाही. घरगुती सिरपचा आपल्याकडचा खरा पूर्वज मी यालाच मानतो.

पाकासाठी पान कोणतं घ्यायचं, हेही पाहावं लागतं. अंजिराच्या पानाला नारळासारखा वास येतो तो कूमारिन या सुवासिक द्रव्यामुळे. त्याचा चीक मात्र हाताला लागू देऊ नये. त्यावर ऊन पडलं तर फोड येतात. युरोपात पीचची पानंही दारूत मुरवतात, पण त्यांतून सायनाइड सुटतं, तेव्हा ती नक्कल इथे नको.

टिकण्याचं गणित साखरेचं. औषधी सिरपमध्ये ती वजनाने सुमारे 66 टक्के असते, म्हणून ते कपाटात राहतं. घरी आपण साखर-पाणी समान वजनाने घेतो, म्हणजे 50 टक्के. असली बाटली खानापूरच्या पावसाळ्यात फ्रिजबाहेर ठेवली, तर वर बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत.