संदर्भदुव्यांचा लोप

शोधनिबंध, प्रबंध किंवा ग्रंथ यांत आधार म्हणून दिलेला संकेतस्थळाचा दुवा कालांतराने उघडेनासा होणे, किंवा उघडला तरी तेथे मूळ मजकूर नसणे, याला संदर्भदुव्यांचा लोप म्हणतात. पहिल्या प्रकाराला ‘लिंक रॉट’ व दुसऱ्याला ‘कंटेंट ड्रिफ्ट’ अशा संज्ञा आहेत. मराठीत पहिल्यासाठी ‘मृत दुवा’ हा शब्द वापरात आहे. दुसऱ्यासाठी या नोंदीत ‘मजकूरपालट’ हा शब्द योजला आहे.

या लोपाचे मूळ कशात, याविषयी दोन मते दिसतात. ‘हायपरटेक्स्ट’ (दुव्यांनी परस्परांशी जोडलेला मजकूर) हा शब्द १९६५ मध्ये प्रचारात आणणारे टेड नेल्सन यांच्या कल्पनेतील दुवा दुहेरी होता, म्हणजे तो दोन्ही टोकांना ठाऊक असे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ पासून सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेत आकारास आणलेल्या वेबमध्ये मात्र दुवा एकेरी राहिला. त्यामुळे पान काढून टाकणाऱ्याला त्यावर कोणाकोणाच्या तळटीपा विसंबून आहेत हे कळत नाही, आणि तळटीप देणाऱ्यालाही पान गेल्याची वर्दी मिळत नाही. काही अभ्यासक या एकेरीपणालाच मूळ दोष मानतात. याउलट खुद्द बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये असे मांडले, की पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसे ते बदलतात. डोमेनचे, म्हणजे संकेतस्थळाच्या नोंदणीकृत नावाचे, नूतनीकरण राहून जाणे, संकेतस्थळाची नव्याने मांडणी होणे, कार्यालयाचे स्थळ एका डोमेनवरून दुसऱ्यावर जाणे, ही नेहमीची कारणे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि एकेरी दुव्यामुळेच वेब इतक्या सहजपणे पसरले, हेही विसरता येत नाही.

लोपाच्या मापनात एकवाक्यता नाही. २००१ मध्ये लॉरेन्स व सहकाऱ्यांनी संगणकशास्त्रीय निबंध तपासले, तेव्हा १९९४ च्या निबंधांतील सुमारे ५३ टक्के व १९९९ च्या निबंधांतील सुमारे २३ टक्के दुवे निकामी आढळले. मात्र हाताने शोध घेतल्यावर त्यांतील बहुतेक मजकूर अन्य पत्त्यांवर मिळाला. वॉलेस कोहलर यांनी वेबपानांचे ‘अर्धायुष्य’, म्हणजे निम्मी पाने नाहीशी होण्यास लागणारा काळ, सुमारे दोन वर्षे ठरवले. ही संज्ञा भौतिकीतून घेतली असून ऱ्हासाचा वेग स्थिर असतो असे ती सुचवते, परंतु पहिली काही वर्षे तगलेली पाने पुढे बरीच टिकतात असे त्यांच्याच निरीक्षणात दिसले. म्हणून हा आकडा जपून वापरणे इष्ट. २०१४ मध्ये क्लाइन व सहकाऱ्यांनी १९९७ ते २०१२ या काळातील सुमारे ३५ लाख निबंध पाहिले आणि विज्ञान, तंत्रज्ञान व वैद्यक या क्षेत्रांतील दर पाचांपैकी एक निबंध बाधित असल्याचे नोंदवले. त्याच सुमारास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतील जवळजवळ निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत नेत नाहीत, असे दाखवण्यात आले.

मृत दुव्यापेक्षा मजकूरपालट अधिक घातक मानला पाहिजे, कारण मृत दुवा ‘४०४’ (पान सापडले नाही) हा संदेश दाखवून निदान आपला अभाव कबूल करतो. कोकणातील उदाहरणे घ्यावीत. बाजार समितीच्या रोजच्या दरपत्रकाचा दुवा देऊन हापूसच्या पेटीचा दर सांगितला, तर महिन्याभराने तेच पान दुसराच दर दाखवते आणि वाचकाला संशोधकाने चुकीचा आकडा दिला असे वाटते. ३ जून २०२० रोजी किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळासारख्या घटनेत तर दर काही तासांनी नवे हवामानपत्रक निघते. ‘ताजा इशारा’ या पानाचा दुवा देणारी तळटीप त्यामुळे दुसऱ्या दिवशीच निरर्थक ठरते.

कोकणातील सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या पठारांवर, कोरलेल्या प्राचीन कातळशिल्पांच्या अभ्यासात ही उणीव विशेष जाणवते. बारसू, कशेळी, उक्षी, देवाचे गोठणे, कुडोपी इत्यादी स्थळे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली. या विषयावरील बरीच प्राथमिक माहिती, सड्यावरील छायाचित्रे आणि स्थानिक बातम्या प्रथम वेबवरच आल्या. रत्नागिरी व सावंतवाडीच्या १८८० च्या गॅझेटिअरमधील पृष्ठक्रमांक आजही जुळवून पाहता येतो. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या वेबपानाची तशी शाश्वती नाही.

देवनागरीमुळे दोन अडचणी वाढतात. युनिकोडच्या वेबवर रूढ असलेल्या यूटीएफ-८ या रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते व पत्त्यात त्याची नऊ रोमन चिन्हे होतात. ‘कातळ’ एवढ्या शब्दाची छत्तीस. असा पत्ता छपाईत ओळीच्या शेवटी तुटला आणि तेथे एक संयोगचिन्ह जादा पडले, की दुवा जन्मतःच मृत. दुसरे असे, की युनिकोडपूर्वीची अनेक मराठी स्थळे विशिष्ट फॉन्टवर अवलंबून होती. त्यांची प्रत जतन झाली तरी फॉन्ट नसल्यास पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरे उमटतात आणि शोधयंत्रालाही तो मजकूर सापडत नाही.

उपायांपैकी डीओआय हे स्थायी ओळखचिन्ह व त्याची नोंद ठेवणारी, २००० मध्ये स्थापन झालेली क्रॉसरेफ ही संस्था नियतकालिकांसाठी परिणामकारक ठरली. भारतीय प्रबंधांना ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचे ऑनलाइन भांडार हँडल नावाचा स्थायी पत्ता देते. मात्र तालुक्याच्या वृत्तपत्राची बातमी किंवा ग्रामपंचायतीची सूचना यांना असे चिन्ह लाभत नाही. त्यांच्यासाठी १९९६ मध्ये सुरू झालेल्या इंटरनेट आर्काइव्हचे ‘वेबॅक मशीन’ किंवा २०१३ पासूनचे ‘पर्मा’ या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या सेवांत उद्धृत करतेवेळीच प्रत जतन करावी लागते. तळटीपेत मूळ पत्ता, जतन केलेल्या प्रतीचा पत्ता व पाहिल्याचा दिनांक असे तिन्ही द्यावेत, आणि पानाचे शीर्षक देवनागरीत जसेच्या तसे उतरवावे. पत्ता हरवल्यावर शोध त्या शीर्षकावरूनच घ्यावा लागतो.