दारावरचा डिटेक्टर आणि मैदानावरचा डिटेक्टर

इंदूरमध्ये लग्न बहुधा ‘मॅरेज गार्डन’मध्येच होते, आणि तेथील हिरवळीवर कोणाचा दागिना पडला की सर्वांत आधी फाटकावरच्या सुरक्षारक्षकाला हाक मारली जाते, कारण त्याच्या हातात तो काळा दांडा असतो. आमच्या घरच्या लग्नातही तसेच घडले. जेवणे आटोपेपर्यंत आत्यांच्या बोटातली अंगठी नाहीशी झाली होती, आणि रक्षकाने जवळजवळ तासभर वाकून गवतावर दांडा फिरवला. दांडा पावलोपावली वाजत होता. मांडवाचे खिळे निघाले, सोड्याच्या बाटल्यांची बुचे निघाली, विजेच्या तारेचे तुकडे निघाले. अंगठी काही निघाली नाही. ‘साहब, मशीन तो बोल ही रही है,’ असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि ते खरेच होते.

‘मेटल डिटेक्टर’ हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या यंत्रांसाठी वापरतो, म्हणून हा घोटाळा होतो. मॉल, न्यायालय किंवा मंदिराच्या दारात अंगावरून फिरवला जातो तो फूट-दीड फूट लांबीचा दांडा एक. दुसऱ्या यंत्राला कमरेपर्यंत येणारी लांब दांडी असते, खालच्या टोकाला ताटलीएवढी चपटी चकती, वरच्या टोकाला आकडे दाखवणारा छोटा पडदा आणि कोपर टेकवायला खोबण असते. ते उभ्याने, जमिनीलगत डावीकडून उजवीकडे झुलवत चालवतात. सोयीसाठी पहिल्याला तपासणीचा दांडा आणि दुसऱ्याला जमिनीचा डिटेक्टर म्हणू.

दोघांचे मूळ तत्त्व एकच आहे. तारेच्या वेटोळ्यातून सतत दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडला की वेटोळ्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातू आला की धातूच्या आत भोवरी प्रवाह फिरू लागतात, आणि त्या प्रवाहांचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र यंत्राला परत जाणवते. धातू लोहचुंबकाला चिकटणारा असण्याची यात काहीच गरज नाही, नुसता वीजवाहक असला तरी पुरे. (दोरीला लोहचुंबक बांधून सोन्याची अंगठी शोधणारे लोक मी पाहिले आहेत. चुंबकाने खिळे निघतात, रुपया-दोन रुपयांची पोलादी नाणी निघतात. सोने-चांदी त्याला ओळखही देत नाही.) हे तत्त्व जुने आहे. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्या शरीरात अडकलेली बंदुकीची गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असेच उपकरण त्यांच्या अंगावरून फिरवले होते. गोळी सापडली नाही, आणि बिछान्यातल्या पोलादी स्प्रिंगांनी संकेत बिघडवला हे त्याचे एक कारण सांगितले जाते. आजूबाजूला दुसरा धातू असला की काय होते, याचे उदाहरण म्हणून ही गोष्ट पुढे पुन्हा लागेल.

तपासणीच्या दांड्यापुढे काम सोपे असते. माणसाच्या अंगात धातू जवळजवळ नसतोच, त्यामुळे ‘येथे धातू आहे की नाही’ एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर त्याने द्यायचे असते. कोणता धातू, किती खोल, हे खिशात हात घातल्यावर कळते. म्हणून तो सर्व धातूंना सारखेच वाजतो. त्याचे वेटोळे लहान असल्यामुळे त्याची नजरही आखूड असते: पिस्तुलासारखी मोठी वस्तू त्याला आठ-नऊ इंचांवरून कळते, पण दाढीच्या ब्लेडसाठी तो तीनेक इंचांपर्यंत जवळ न्यावा लागतो, आणि बारीक दागिन्यासाठी त्याहूनही जवळ. धातूपासूनचे अंतर वेटोळ्याच्या आकाराहून बरेच वाढले की संकेत फार झपाट्याने क्षीण होतो. अंतर दुप्पट झाले की तो साधारण चौसष्टाव्या हिश्शावर येतो. त्यामुळे दांडा आणखी ‘जोरात’ चालवून किंवा नवी बॅटरी घालून त्याची खोली वाढेल, ही आशा व्यर्थ आहे.

जमिनीच्या डिटेक्टरचे घराणे वेगळे. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी यूझेफ कोसात्स्की यांनी बनवलेला सुरुंगशोधक १९४२ साली एल अलामेनच्या लढाईत वापरला गेला, आणि आजचे छंदी लोकांचे, म्हणजे हौसेने जमिनीतला धातू शोधत फिरणाऱ्यांचे, यंत्र त्याच वळणाचे आहे. त्याच्या चकतीत प्रक्षेपणाचे आणि ग्रहणाचे अशी दोन वेटोळी असतात, आणि ती अशी बसवलेली असतात की धातू नसताना पहिल्याचा परिणाम दुसऱ्यावर जवळजवळ शून्य व्हावा. धातू आला की हा तोल बिघडतो. तो किती बिघडला यावरून संकेताचा जोर कळतो, आणि परतणारा संकेत मूळ लहरीच्या मागे किती रेंगाळला यावरून धातूच्या जातीचा अंदाज येतो, जो पडद्यावर आकड्याच्या रूपात दिसतो. अशी बहुतेक यंत्रे साधारण ५ ते २० किलोहर्ट्झच्या लहरींवर चालतात. बारीक सोन्यासाठी बनवलेली त्याहून वरच्या. नेहमीच्या आठ ते अकरा इंची चकतीने बोटातली अंगठी चांगल्या मातीत सहा-आठ इंचांपर्यंत सापडू शकते. मात्र चकती हलती ठेवावी लागते, कारण हलत नसलेल्या संकेताला ही यंत्रे बहुधा मातीचाच आवाज समजून गाळून टाकतात. दांड्याची सवय असलेला माणूस चकती एका जागी धरून उभा राहतो आणि यंत्र बंद पडले म्हणतो.

मातीचा आवाज हा इंदूरकरांनी विशेष समजून घ्यावा असा विषय आहे. माळव्याची काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेली आहे आणि तिच्यात लोहयुक्त खनिजे असतात. त्या खनिजांना धातूशोधक प्रतिसाद देतो. म्हणून जमिनीच्या डिटेक्टरमध्ये ‘ग्राउंड बॅलन्स’ नावाची सोय असते, जिच्यात चकती धातू नसलेल्या जागी वर-खाली हलवून ‘ही माती आहे, हिच्याकडे दुर्लक्ष कर’ असे यंत्राला शिकवता येते. तपासणीच्या दांड्याला ही सोय नसते, कारण माणसाच्या अंगावर माती शोधायची नसते. शिवाय काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि तिला बोट जाईल अशा भेगा पडतात. हिरवळीला पाणी मिळते, पण गाड्या उभ्या करण्याच्या कोरड्या जागेला कोणी पाणी देत नाही. आत्यांची अंगठी दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका छंदिष्टाने जमिनीच्या डिटेक्टरने काढली, ती तेथेच: हिरवळीच्या कडेपासून दोन हात दूर, भेगेत चार इंच खाली, काठावर उभी. वरून पाहताना भेग दिसत होती, अंगठी दिसत नव्हती. पहिला मोठा पाऊस पडून माती फुगली असती, तर भेगही मिटली असती.

अंगठी सापडली यात त्या यंत्राइतकेच अंगठीच्या आकाराचेही श्रेय आहे, आणि दागिना कोणता हरवला यावर दोन्ही यंत्रांचे यश फार अवलंबून असते. अखंड वर्तुळात भोवरी प्रवाहाला फिरायला पूर्ण वाट मिळते, म्हणून साधी वळ्याची अंगठी, पाटली किंवा बांगडी खणखणीत वाजते. हेच वर्तुळ एका जागी तुटले की संकेत पडतो. पायातली जोडवी मागे मोकळी असतात, त्यामुळे चांदी उत्तम वीजवाहक असूनही ती अपेक्षेपेक्षा कमी बोलतात. साखळी तर फसवीच. पाहणाऱ्याला ती एक वस्तू वाटते, पण यंत्राला ती शेकडो सुट्या बारीक कड्या म्हणून दिसते, कारण कडीपासून कडीकडे वीज नीट जात नाही. नाजूक सोनसाखळी पुष्कळदा केवळ तिच्या फाशामुळे सापडते. मंगळसूत्राचे काळे मणी काचेचे, ते मुके; वाट्या मात्र ऐकू येतात, आणि म्हणून मंगळसूत्र शोधताना वाट्यांचा संकेत मनात धरावा. मोत्याची नथ सर्वांत अवघड. मोती आणि खडे यंत्राला दिसतच नाहीत, उरते ती सोन्याची केसासारखी तार, आणि तिच्यासाठी जमिनीच्या डिटेक्टरची मोठी चकतीही निरुपयोगी ठरू शकते. अशा वेळी लहान चकती लावून अगदी जमिनीला घासून सावकाश फिरावे लागते.

पडद्यावरचा आकडा पाहून सोने ओळखता येईल, असे विक्रेते सुचवतात. माझे मत याविरुद्ध आहे. शुद्ध चांदी, तांबे, सोने आणि ॲल्युमिनियम ही वीजवहनाची उतरती क्रमवारी आहे, पण दागिना शुद्ध नसतो: बावीस कॅरटमध्ये सोने ९१.६ टक्के, अठरा कॅरटमध्ये ७५ टक्के, आणि मिसळ वाढली की वीजवहन कमी होते. त्यात आकार आणि जाडी मिसळली की सोन्याच्या अंगठीचा आकडा नेमका ॲल्युमिनियमच्या फॉइलच्या आणि डब्याच्या झाकणांच्या आकड्यांमध्ये जाऊन बसतो. ज्याने ‘कचरा नको’ म्हणून ते आकडे यंत्रातून वगळले, त्याने आपली अंगठीही वगळली. गोळ्यांच्या पाकिटाचा फॉइल आणि साडेतीन ग्रॅमची अंगठी यांत फरक करायला यंत्र पुरे पडत नाही; तेथे खुरपेच लागते. लोखंड वगळणे मात्र बहुधा सुरक्षित असते, आणि मांडव उठलेल्या जागेवर आधी चुंबक फिरवून वरचे खिळे व टाचण्या वेचून घेतल्या तर पुढचे काम निम्मे होते.

दांडा अगदीच टाकाऊ आहे, असा याचा अर्थ घेऊ नये. आजूबाजूला धातू नाही आणि वस्तू वीतभराच्या आत आणता येते, अशा जागी तो जमिनीच्या डिटेक्टरपेक्षा सोयीचा पडतो, कारण तो एका हाताने धरता येतो आणि स्थिर ठेवला तरी वाजतो. गादीच्या कापसात, कपड्यांच्या गाठोड्यात, धान्याच्या पोत्यात तोच घ्यावा. इंदूरमध्ये त्याचा आणखी एक उपयोग आहे. आपल्याकडे ओला कचरा वेगळा ठेवण्याची शिस्त आता घराघरांत मुरली आहे, आणि ओल्या कचऱ्यात धातू नसतोच. वहिनींच्या मोत्याच्या कुड्यांपैकी एक भाजी निवडताना सालींबरोबर डब्यात गेली, तेव्हा आम्ही कचरागाडी येण्याआधी सगळा ओला कचरा प्लास्टिकच्या चादरीवर एका बोटाच्या जाडीने पसरला आणि मागून आणलेला दांडा त्यावरून इंच-दोन इंच उंचीवरून नेला. मोती बोलला नाही, पण कुडीच्या सोन्याच्या दांडीने आणि फिरकीने दुधीच्या सालीखालून एक बारीक ‘टी’ दिला. गाडी येऊन गेली असती, तर तो कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पाच्या वाटेला लागला असता, जो २०२२ साली दिवसाला ५५० टन क्षमतेने सुरू झाला. कचरा पसरायची जागा तेवढी जपून निवडावी. आम्ही प्रथम गच्चीवर पसरला होता, आणि स्लॅबमधल्या सळ्यांवर दांडा सारखा ओरडत राहिला. बेलच्या स्प्रिंगांची गंमत तीच.

घोटाळ्यात भर घालणारे एक तिसरे उपकरणही आहे. गाजराएवढा हातशोधक, ज्याला छंदी लोक ‘पिनपॉइंटर’ म्हणतात, तो दिसायला तपासणीच्या दांड्याचा धाकटा भाऊ वाटतो, पण तो चालतो जमिनीच्या डिटेक्टरबरोबर. मोठ्या चकतीने जागा ठरली की गवताचा तुकडा तीन बाजूंनी कापून चौथ्या बाजूवर झाकणासारखा उलटतात, आणि खड्ड्यात हा शोधक घालून वस्तू नेमकी कोठे आहे ते पाहतात. त्याची पोच एक-दोन इंचांची असते आणि तेवढीच हवी असते.

शोध घेताना दोरीने पट्टे आखून, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवून, चकती संपूर्ण जागेवर एकदा उभी आणि एकदा आडवी झुलवावी. शोधणाऱ्याने हातातले कडे व अंगठी काढावी आणि मोबाइल दूर ठेवावा. सार्वजनिक बागेत खणण्याआधी परवानगी घ्यावी. संरक्षित वास्तूच्या आवारात तर यंत्र बाहेरही काढू नये. जमिनीचा डिटेक्टर दिसला की बघ्यांना होळकरांचा खजिना आठवतो, आणि १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत पुरून ठेवलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. काल रात्री पडलेली आत्यांची अंगठी त्या व्याख्येत बसत नाही, पण लग्नाच्या छायाचित्रात ती त्यांच्या बोटात दिसत असेल तर ते छायाचित्र जवळ असलेले बरे.

कोणी यंत्र देऊ केले तर ते कोणत्या जातीचे आहे हे ओळखण्याचा सोपा मार्ग त्याच मातीत चाचणी घेण्याचा आहे. हरवलेल्या दागिन्याच्या साधारण वजनाचा आणि आकाराचा दुसरा दागिना घ्यावा, चार इंच खोल पुरावा, माती दाबावी आणि यंत्र वरून न्यावे. वाजले तर कामाला लागावे, न वाजले तर ते साभार परत करावे. पुरण्यापूर्वी त्या दागिन्याला लांब दोरा बांधून त्याचे टोक बाहेर ठेवावे. आमच्याकडे दोरा बांधायचे राहून गेले आणि दुपारभर दोन अंगठ्या शोधाव्या लागल्या.