निलगिरीची फळी का तडकते?

बडोद्याच्या लाटीवर, म्हणजे लाकडाच्या वखारीत, निलगिरी मागितली की पुढे येतात त्या सेंटरिंगच्या बल्ल्या. फर्निचरचं नाव काढलं तर सुतार नाक मुरडतो: "तडकेल." ताकदीला मात्र हे लाकूड तोडीस तोड आहे. शेतांच्या बांधांवर दिसणाऱ्या टेरेटिकॉर्निस जातीचं वाळलेलं लाकूड घनमीटरला साधारण 700 ते 900 किलो भरतं. साग साडेसहाशेच्या आसपास. गोम आहे ती खोडातल्या ताणात.

वाढत्या खोडाचा बाहेरचा थर लांबीच्या दिशेने ताणलेला असतो आणि गाभा दाबलेला. उभ्या झाडात दोघं एकमेकांना धरून राहतात. ओंडका आडवा कापला की हा तोल सुटतो, टोकावर चांदणीच्या आकाराच्या चिरा पडतात. उभं चिरताना फळीची टोकं करवतीवरच बाहेर वळतात. म्हणून ओंडका फूटभर जास्त लांब घ्यावा, फळ्या समोरासमोरच्या बाजूंनी आलटून पालटून काढाव्यात आणि अगदी मधला भाग जळणात टाकावा. टोकांना मेण किंवा जाड ऑइलपेंट तोडल्या दिवशीच. दुसऱ्या दिवशी लावून उपयोग नाही.

वाळताना दुसरी भानगड. पाणी झपाट्याने निघालं की त्याच्या ओढीने पेशींच्या भिंती आत बसतात, फळीवर लाटा उमटतात. कारखान्यात वाफ देऊन हा दोष बराचसा निघतो. घरच्या कामात तो होऊ न देणंच हाती. एप्रिल-मेच्या झळांत ओली फळी रचली तर माल गेलाच समजा. पावसाळा सरताना, छपराखाली रचा: 25 मिमीच्या फळ्यांमध्ये दर 45 सेंमीवर तितक्याच जाडीच्या पट्ट्या, खालपासून वरपर्यंत एका रेषेत, वर वजन. पट्टी सरकली की फळी तिथेच वाकते. चार-सहा महिने जातात.

वाळली का, ते ठोकून कळत नाही. टोकापासून फूटभर आतला तुकडा तोला आणि 103 अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. 115 ग्रॅमचे 100 झाले तर ओलावा 15 टक्के. कपाटाला 12 बरा.

तंतू उलटसुलट असल्याने रंध्याचं पातं तेज हवं, थर पातळ. नाहीतर खपल्या निघतात. स्क्रूला आधी भोक, लहान स्क्रूलासुद्धा. डिंक ताज्या रंधलेल्या पृष्ठभागावरच लावा. कडेचं फिकट लाकूड भुंगेरे पोखरतात. ते काढा किंवा बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात बुडवा. गाभ्यात हे द्रावण जवळपास शिरतच नाही. टेबलाला एकसंध रुंद फळीपेक्षा 60-75 मिमीच्या पट्ट्या जोडलेल्या चांगल्या.