जानेवारीचं पाणी आणि पुढच्या हंगामाची बोंडअळी

नोव्हेंबरात यवतमाळकडच्या एखाद्या वावरातलं कापसाचं हिरवं बोंड फोडून पाहा. वरून टंच, छिद्र नाही. आत सरकी पोखरलेली, रुई पिवळी आणि तिच्यात गुलाबी अळी. अंड्यातून निघताच ती कोवळ्या बोंडात शिरते, मागचं छिद्र बुजतं, औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. तरीही पंप पाठीवर चढतो. फवाऱ्याने मित्रकीटक मरतात, मग इतर किडी वाढतात आणि फवारण्याही. २०१७ साली विदर्भात या अळीचा उद्रेक झाला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले.

उपाय करूनही प्रश्न का चिघळतो, याचा शोध प्रणाली-विचार घेतो. एमआयटी या अमेरिकी तंत्रविद्यापीठातले प्राध्यापक जे डब्ल्यू. फॉरेस्टर यांनी १९५० च्या दशकात घरगुती उपकरणांच्या काही अमेरिकी कारखान्यांचा अभ्यास केला. तिथे कधी तीन-तीन पाळ्या चालायच्या, तर काही वर्षांनी निम्मे कामगार घरी बसायचे. दोष बाजाराला दिला जाई. फॉरेस्टर यांनी कागदावर आकडेमोड करून दाखवलं की हे हेलकावे कारखान्याच्याच भरतीच्या आणि साठ्याच्या निर्णयांतून निघतात. निर्णय आज घेतला जातो, परिणाम उशिरा दिसतो, आणि मधल्या काळात जोर भलत्याच जागी लागतो.

कापसातला हा उशीर जानेवारीत सुरू होतो. ज्याच्या विहिरीला पाणी आहे, तो पऱ्हाटी (कापसाची झाडं) उपटत नाही, फरदड घेतो, म्हणजे पाणी देऊन त्याच झाडांवर आणखी एक बहर काढतो. त्या शेवटच्या वेच्याचे पैसे खरे असतात, संसाराला लागतात. पण तेवढ्यात अळीच्या आणखी पिढ्या निघतात. मग ती किडक्या बोंडांत, पऱ्हाटीच्या ढिगांत, जिनिंगमधल्या सरकीत सुप्त राहते. पुढे पतंग बाहेर पडतात आणि आगाप लावलेल्या कापसाच्या पात्यांवर (कोवळ्या कळ्यांवर) अंडी घालतात. त्यांना शेजाऱ्याचा धुरा (बांध) आडवा येत नाही, म्हणून कोरडवाहूवाल्यालाही झळ बसते.

जनुक बदलून झाडातच अळीला मारणारं विष तयार होणारा बीटी कापूस २००२ मध्ये आला, दुहेरी जनुकाचा २००६ मध्ये. गुलाबी अळी जवळपास कापसावरच जगते, त्यामुळे बिगर-बीटीच्या ओळी नसतील तर विषाला बळी पडणारे पतंग जन्मणार कुठे? विष पचवणाऱ्या पतंगांची आपसातच जोडी जमत गेली आणि तशीच पिढी वाढली. पाकिटासोबतचं १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं मात्र बऱ्याच वावरांत पेरलंच गेलं नाही. अमेरिकेने बीटीसोबत वांझ पतंग सोडले, पीक संपताच शेतं नांगरली आणि २०१८ मध्ये ही अळी तिथल्या कापसातून संपल्याचं जाहीर केलं.

माझ्या मते आपल्याकडे जोर लावायची जागा फवाऱ्यापेक्षा हंगामाच्या शेवटात आहे. पण नुसतं ‘फरदड मोडा’ म्हणून कोणी मोडणार नाही. कमी मुदतीचं वाण मिळालं आणि त्याच पाण्यावर हरभरा किंवा गहू परवडला, तरच पऱ्हाटी डिसेंबरात निघेल. आणि हे सगळ्या शिवाराने मिळून, बियाणं घ्यायच्या आधी मे महिन्यातच ठरवायला हवं.