सीएच३४१ एकटा लोड का होत नाही?

अर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाचा स्वस्तातला क्लोन घेतला असेल तर त्यावर बऱ्याचदा सीएच३४० नावाची बारकी चिप असते, यूएसबी आणि बोर्ड यांच्यातली दुभाषी. लिनक्समधे तिचा ड्रायव्हर आहे सीएच३४१, आणि तो सहसा कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, पोटात नसतो, वेगळी फाईल असते, म्हणजे मॉड्यूल. लागलं की आत घ्या, काम झालं की काढा, मशीन रीस्टार्ट करायची गरज नाही.

तर मी एकदा हौसेने तो ड्रायव्हर स्वतः बिल्ड केला आणि इन्समॉड कमांडने थेट आत ढकलायला गेलो. एरर: अननोन सिंबॉल, म्हणजे अनोळखी नाव. कर्नलचा लॉग उघडला तर 'यूएसबी_सिरीयल_रजिस्टर_ड्रायव्हर्स' नावाचं फंक्शन सापडत नाही म्हणून रडगाणं. अर्धा तास कोडमधे चूक शोधली, चूक नव्हतीच. ते फंक्शन राहतं यूएसबीसिरीयल या दुसऱ्या मॉड्यूलमधे, कारण सीएच३४१ असो की एफटीडीआय, पीएल२३०३ अशा दुसऱ्या चिपचा ड्रायव्हर असो, सिरीयल पोर्ट तयार करणं, डेटा इकडून तिकडे नेणं हे सगळ्यांचं सारखंच, मग ते प्रत्येकाने परत परत कशाला लिहायचं, एकाने लिहिलं आणि एक्स्पोर्ट केलं, म्हणजे इतर मॉड्यूल्ससाठी खुलं केलं, की बाकीच्यांनी वापरायचं. एक्स्पोर्ट केलं नाही तर मात्र दुसरं मॉड्यूल त्याला हात लावू शकत नाही. आणि एक्स्पोर्ट करताना शेवटी जीपीएल (लिनक्सचं स्वतःचं मुक्त लायसन्स) जोडलं असेल तर ज्याचं लायसन्स जीपीएलशी जुळत नाही त्याला ते मिळतच नाही, त्यामुळे मॉड्यूलमधली लायसन्सची ओळ शोभेची नाही बरं का.

इन्समॉड बिचारा फक्त दिलेली फाईल कर्नलच्या हातात देतो, बाकी चौकशी करत नाही. मॉड्यूल चढवणारा दुसरा प्रोग्रॅम, मॉडप्रोब, हुशार, तो आधी मॉड्यूल्स.डेप नावाची यादी बघतो, त्यात लिहिलेलं असतं की सीएच३४१ ला आधी यूएसबीसिरीयल लागतो, मग त्याच क्रमाने दोन्ही चढवतो. ही यादी कोणी हाताने लिहित नाही, डेपमॉड नावाचा प्रोग्रॅम प्रत्येक मॉड्यूल उघडून कोणाला काय हवंय आणि कोण देतंय ते जुळवतो. नवीन मॉड्यूल कॉपी केलं आणि डेपमॉड चालवायचं विसरलात तर फाईल समोर असूनही मॉडप्रोब म्हणणार, सापडलं नाही. (मी विसरतोच.)

काढताना उलटा क्रम. चढलेल्या मॉड्यूल्सची यादी दाखवणाऱ्या एलएसमॉडमधे यूएसबीसिरीयलच्या पुढे १ आणि सीएच३४१ चं नाव दिसतं, तोवर यूएसबीसिरीयलला काढायला गेलात तर सरळ नकार, कारण ज्याच्या जिवावर दुसरा उभा आहे तो मधेच गायब झाला तर कर्नलच कोसळेल.

खरी गंमत स्वतःची दोन मॉड्यूल लिहिताना होते. माझ्या अ ला ब मधलं एक फंक्शन हवं होतं आणि ब ला अ मधलं, डेपमॉडने सायकल, म्हणजे गोल चक्र, म्हणून बोंब मारली, कारण आधी कोणाला चढवायचं? शेवटी दोघांना लागणारा भाग उचलून तिसऱ्या मॉड्यूलमधे टाकला. बघतो तर काय, तो माझा छोटा यूएसबीसिरीयलच झाला होता.